काटा का थांबला

अनुजानं हातातला पाना भिंतीवर असा आपटला की शेजारच्या फाउंड्रीतली माणसं जेवण सोडून दारात आली. काय झालं म्हणून कुणी विचारलं मात्र नाही. शिरोली एमआयडीसीत तिच्या गॅरेजच्या शेजाराला राहायचं म्हणजे एवढं चालायचंच. पोरगी मनानं सोनं, पण राग कायम नाकावर, आणि गेला महिनाभर तर तो तिथनं खाली उतरलाच नव्हता.

तसं कारणही होतं. ट्रॅकवर पळवायला जीव ओतून उभी केलेली तिची लाल, जुनी जपानी टू-सीटर पाणी गाळत होती. या गाडीची तऱ्हाच उलटी. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं, रेडिएटर पार पुढं नाकात, आणि दोन्हींच्या मधे गाडीच्या पोटाखालून गेलेले दोन लांबलचक पाईप. आता शोधा कुठं गळतंय ते! मागच्या शर्यतीत हिच्याच गाडीतनं सांडलेल्या हिरव्या कूलंटवरून, म्हणजे इंजिन गार ठेवायच्या पाण्यावरून, अभिनंदन चौगुलेची गाडी वळणावर घसरली आणि टायरच्या भिंतीत जाऊन घुसली. शिरोळचं भलं पोर, मांडीचं हाड मोडून घेऊन घरी पडलं. त्याच दिवशी बाळासोंनी अनुजाला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "पोरी, पुन्हा तुझ्या गाडीचं पाणी ट्रॅकवर सांडलं, तर वर्षभर गेटातनं आत यायचं न्हाय." बाळासो म्हणजे शर्यतीआधी एकेक गाडी तपासून आत सोडणारा माणूस. बोलला की बोलला.

वर्षभर! आणि तेही यंदा? यंदा पहिल्यांदाच अनुजा गुणांत सगळ्यांच्या पुढं होती. एवढी वर्षं ज्यांनी 'बाईमाणसाचं काम न्हाय' म्हणून दात काढले, त्यांच्या नाकावर टिच्चून पुढं होती. आता शेवटच्या शर्यती तेवढ्या उरल्या होत्या.

मग ती गाडीच्या मागं हात धुऊन लागली. सगळे होज पाईप नवे घातले. तारेच्या बारक्या क्लिपा काढून रुंद पट्टीच्या चांगल्या क्लिपा आवळल्या. वॉटर पंप बदलला, रेडिएटरची कॅप बदलली. कूलंट तेलासारखं निसरडं असतं, म्हणून ते सगळं काढून नुसतं शुद्ध पाणी भरलं. आणि मग प्रेशर टेस्टर लावला. पाणी भरायच्या तोंडावर बसवायचा तो एक हातपंप. हवा भरायची आणि काट्याकडं बघत बसायचं. काटा थांबला तर गाडी धड, खाली आला तर कुठंतरी झिरपतंय. काटा खाली येत होता. थोडासाच, पण येत होता. त्यावर तो पाना गेला होता भिंतीवर.

"एवढं चालतंय गं," तिचा थोरला भाऊ राजवीर म्हणाला. गॅरेज दोघांचं होतं, पण गाडी हिची.

"चालतंय? जा, त्या अभिनंदनला इचारून ये चालतंय का."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा टेस्टर लावला आणि काटा थांबला. तिनं हवा सोडून पुन्हा भरली. थांबला! शेवटची क्लिप नीट बसली, असं तिनंच ठरवून टाकलं. ती एवढ्यांदा ओरडली की फाउंड्रीवाले पुन्हा दारात आले. संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या घरी जाऊन अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. तिचे वडील केरबा, म्हणजे आबा, जन्मभर शिरोळच्या उसात ट्रॅक्टर चालवलेला माणूस, पेढा तोंडात टाकून मिशीत हसले. "हुतंय गं सगळं, म्हटलं न्हवतं?" म्हणाले. रागीट माणसाला आनंद झाला की तो फार चौकशा करत नाही. अनुजानंही केल्या नाहीत, आणि तिथंच चुकलं.

शर्यतीच्या दिवशी गाडी टेम्पोवर चढवून ट्रॅकवर नेली. राजवीरबरोबर आबाही आले. बाळासोंनी स्वतःचा टेस्टर लावला, घड्याळ बघत उभे राहिले, गाडीखाली वाकून बघितलं आणि पास झाल्याचा स्टिकर काचेवर चिकटवला. अनुजा सरावाच्या फेऱ्या मारून आली. गाडी जरा जास्तच तापली होती. तिनं मागचं झाकण उघडलं आणि वास आला.

हळदीचा. गरम हळदीचा. फोडणीत पडल्यावर येतो तसला.

जादा पाणी साठायच्या बाटलीत पिवळंधमक पाणी उसळत होतं. तिला सांगायला कुणाची गरज नव्हती. लहानपणी आबांच्या ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत हळदीची पुडी कायम असायची. रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद आत टाकायची. ती भोकात जाऊन बसते, गळती थांबते, ऊस कारखान्यावर पोचतो. सगळा तालुका तेच करतो.

"आबा!"

मांडवाखाली भाकरीचा डबा सोडत बसलेले आबा दचकले.

"गाडीत हळद टाकलीसा?"

"टाकली की. चांगली मूठभर," आबा कौतुकानं म्हणाले. "तू जेवंना झालीस, मला बघवंना. बघ, थांबलं का न्हाय गळायचं?"

"थांबलं न्हाय आबा, झाकलं! आणि मी पेढं वाटलं त्याचं!" तिच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. "उसाचा ट्रॅक्टर हाय व्हय हा? त्यो चालतोय बैलाच्या चालीनं. हितं वळणावर पाण्याचा जोर काय असतोय, ठाऊक हाय तुमास्नी?"

आबांनी डब्याचं झाकण परत लावलं. राजवीर उगाचच हेल्मेट पुसत होता, आणि त्या पुसण्यावरूनच तिला कळलं.

"तुला ठाऊक हुतं."

"इंजिन मीच चालू करून दिलं रातच्याला, हळद फिरावी म्हणून," तो पुटपुटला. "सकाळपर्यंत तळाला बसली. म्हटलं, शर्यत तर होऊ दे. तुझ्यासाठीच की गं."

"भाऊ हाईस का वैरी?"

ती गाडीखाली वाकली. पोटाखालच्या पाईपाला जोड होता तिथं एक पिवळा थेंब जमला, लोंबला आणि पडला. लगेच दुसरा. हळदीची गुठळी निघाली होती. म्हणजे ती फेऱ्या मारत असतानाच निघाली असणार. म्हणजे वळणावर पाणी पडलंय! पलीकडं पुढच्या तुकडीतल्या गाड्या ओळीत लागल्या होत्या, इंजिनं सुरू झाली होती.

राजवीरनं तिचा दंड धरला. "क्लच गेला म्हणून सांग. गाडी घरी नेऊ, नीट करू. वर्ष वाचंल तुझं. एवढ्याशा पाण्यानं काय हुतंय, उन्हानं वाळंल."

"सोड!"

"अनु, गुणांत पुढं हाईस तू!"

तिनं हिसडा मारला आणि पळत सुटली. "बाळासो! लाल झेंडा! लाल झेंडा दाखवा!"

"का? काय झालं?"

"माझी गाडी गळतीया. वळणावर पाणी हाय. कुणाला सोडू नका!"

"आत्ता तर मी बघितली. काटा थांबला हुता की."

"हळदीनं थांबला हुता! आता बोलत नका बसू, दाखवा झेंडा!"

झेंडा हलला. इंजिनं बंद झाली. सगळे वळणावर गेले. काळ्या रस्त्यावर पिवळ्या थेंबांची ओळ पडली होती, आणि गाड्या जिथनं वेगात वळतात नेमकी तिथनंच गेली होती.

बाळासोंनी अनुजाकडं बघितलं. "पोरी, मी काय बोललोतो..."

"ठाऊक हाय. काढा स्टिकर."

तेवढ्यात आबा धापा टाकत येऊन पोचले. "सायेब, चूक माझी हाय. हळद मी टाकली. पोरीला घालवू नगा, पाया पडतो," म्हणत ते खाली वाकलेच.

"गाडी कुणाची, पावणं?" बाळासोंनी विचारलं.

"माझी," अनुजाच बोलली. "आबा, उठा. कुणाच्या पाया पडायचं न्हाय."

ट्रॅकवरच्या पोरांनी पाणी टिपायला भुशाची पोती आणली. आबांनी कुणाला न विचारता घमेलं उचललं. ते बघून तिला आणखीनच राग आला.

"लई रागावलीस व्हय गं?"

"व्हय. लई. वर्ष गेलं माझं, आबा. मला नुसतं इचारायचं हुतं की."

"मला वाटलं..."

"टाका तो भुसा. तिकडनं टाका, आणि पायानं दाबा."

आबा भुसा टाकत पुढं, ती पाय आपटत मागं. तोंडाचा पट्टा चालूच होता. हळदीला बोलली, ट्रॅक्टरला बोलली, स्वतःला तर सगळ्यात जास्त बोलली. सगळं पुसून झाल्यावर दोघं कुंपणाला जाऊन उभी राहिली आणि गाड्या सोडायचा झेंडा पडला. पहिली गाडी सुसाट वळणावर आली तसं आबांनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि डोळे मिटले. अनुजानं मिटले नाहीत. गाडी न घसरता वळली. मग दुसरी वळली. मग सगळ्याच वळल्या.

"गेल्या, आबा. उघडा डोळं," ती म्हणाली. त्यांचा हात तिनं मनगटावरून सोडवला, पण जरा हळूच. मग मागं वळून मांडवाकडं बघितलं.

"राजवीर कुठाय? त्याचा हिशेब ऱ्हायलाय अजून."