लगद्याचे डाट

माझ्या आजोबांच्या दुनळी बंदुकीला दुकानातलं काडतूस चालत नाही. नळ्या जुन्या, काडतुसाची जागा आखूड. आजचं काडतूस घातलं तर नळीबरोबर माझा हातही जायचा. म्हणून सगळा हिवाळा शेडमध्ये बसून मी काडतुसं स्वतः भरली. शिकारीनंतर रानात पडलेल्या पुंगळ्या वेचून आणायच्या, आखूड कापायच्या, आत दारू, तिच्यावर कागदाच्या लगद्याचा डाट म्हणजे बूच, मग छर्रे, आणि तोंड वळवून बंद. पण आमच्या श्रॉपशायरच्या ओलीत डाट फुगतात आणि तोंड मेलं वळत नाही. भरली त्याहून जास्त मोडली असतील. बायको बेरिल म्हणायची, "एवढ्यात दोन स्वेटर झाले असते."

हा सगळा खटाटोप एका दिवसासाठी. हंगामभर आम्ही हाकारे झुडपं बडवून फेझंट पक्षी उठवतो आणि साहेबलोक ते पाडतात. शेवटी एक दिवस तेवढा आमचा. त्या दिवशी बंदुका आम्ही धरायच्या.

तो दिवस आला. गिटिन्सबाईंच्या मेंढ्यांच्या कुरणात माझी जागा धरून पट्ट्यातलं काडतूस काढलं, तर बाई मागे उभ्या.

"एडगर, यावर काय छापलंय ते वाच बघू."

छापलं होतं, 'प्लास्टिक डाट'. वर शाई फासायचं मला सुचलं नव्हतं.

"बाई, पुंगळी दुसऱ्या कुणाची आहे. आत लगदाच आहे."

"मागच्या वर्षी माझी गाभण मेंढी गवतात पडलेला प्लास्टिकचा डाट गिळून मेली. तेव्हाही सगळे लगदाच म्हणत होते."

चाकू काढला, काडतूस चिरलं, छर्रे टोपीत ओतले आणि डाट त्यांच्या हातावर ठेवला.

"हे एक झालं. बाकीच्यांचं काय?"

"बाकीचीही मीच भरलीत."

"ते कळलं रे. आत काय आहे ते कसं कळायचं?"

माझं डोकंच सटकलं. दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. दोन-चार ठेवायला हवी होती हे कळत होतं, पण हात थांबेना. पट्टा रिकामा झाला तेव्हा बाई वरमल्या.

"सगळे लगद्याचेच की. उगीच संशय घेतला मी. आता मार खुशाल."

"कशानं मारू, बाई?"

त्यांनी खिशातून दुकानातलं काडतूस काढून पुढे केलं. मी नको म्हणून मान हलवली. आजोबांच्या बंदुकीला ते चालणार नव्हतं.

तेवढ्यात रानाचा राखणदार लोमॅक्स आला. "एडगर, मोकळाच दिसतोयस. ओढ्याकाठच्या झुडपात जा ना बाबा, तिकडे हाकायला माणूस कमी पडतोय."

बंदूक बाईंकडे दिली आणि गेलो. पहिल्याच झुडपातून एक दांडगा फेझंट उठला. उंच चढला आणि कुरणात जिथे कुणीच उभं नव्हतं, त्या माझ्या जागेवरून सावकाश निघून गेला.