इंद्रायणीच्या कानातल्या बाया

वाटूरच्या इंद्रायणीला बाळंतपणानंतर दोन बायांचे आवाज ऐकू येऊ लागले. आसपास कोणी नसतानाही त्या तिला शिव्या घालायच्या. नवऱ्याने, बिरूने, तिला मंठ्याजवळच्या एका देवऋष्याकडे नेलं. त्याने तिच्या झिंज्या धरल्या, पाठीवर निंबाचा फोक ओढला आणि ओरडला, "कोण हायस तू? नाव सांग!"

"इंद्रायणी!" ती कडाडली. "आवाज मला येतात, अन् मारही मलाच लागून राह्यला. भुताला कुठं लागतंय?"

तिने फोक हिसकावून मोडला. बिरू खाली मान घालून उभा होता. तिला त्याचाच राग जास्त आला. "तुम्ही नुसते बघत राह्यले! आता जालन्याला डॉक्टरकडं चला, न्हाईतर मी एकटी जाते."

तो तिच्यासोबत एसटीत चढला.

गोळ्यांनी झोप लागू लागली, आवाज दबले. पण गेले नाहीत. इंद्रायणी भाकरी थापत असताना त्या बाया बोलल्याच, तर ती त्यांना दरडावायची, "गप बसा, काम करून राह्यले मी." शेजारणी हसल्या तर त्यांनाही तेच ऐकवायची. बिरूला मात्र तिने माफ केलं नाही. त्याने देवऋष्याचं नाव काढलं की ती भरल्या ताटावरून उठायची.