माझी सुटलेली कड

मी एक जुनी रेडियमची पट्टी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, मी फार भित्री आहे. गाड्यांवर चिकटवलेल्या अक्षरांना आपल्याकडे रेडियम म्हणतात. माझ्यावर लिहिलं आहे, 'चालकाला ऐकू येत नाही. अंतर ठेवा.'

हडपसरच्या तनुजाताईंनी मला दसऱ्याच्या सकाळी कापलं. दत्तप्रसादकाका लेकीची स्कूटर घेऊन त्यांच्या दुकानात आले होते. त्यांची पूर्णिमा जन्मापासून बहिरी. तिला नवी नोकरी लागली होती आणि ती रोज कात्रजहून हडपसरला एकटी जाणार होती. काकांनी पूजेसाठी स्कूटर पॉलिश लावून इतकी घासली होती, की तिच्यावरून माशीसुद्धा घसरली असती.

"काका, पॉलिशवर रेडियम धरत नाही. मागची बाजू स्पिरिटने पुसून घेऊ का?" ताईंनी विचारलं.

"अहो, दसऱ्याच्या दिवशी गाडीची चमक पुसायची? लावा तशीच."

ताईंनी नाइलाजाने मला लावलं. माझा गोंद गाडीला लागलाच नाही, पॉलिशच्या थराला लागला. थोड्याच दिवसांत माझी एक कड सुटली. वाऱ्याने ती फडफडायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा. मागच्या गाड्यांचे हॉर्न मला ऐकू येत, पूर्णिमाला नाही. मी पडले तर तिच्यामागे कोण उभं राहणार? या विचाराने मला झोप लागेना.

एके सकाळी कात्रजच्या उतारावर मी अर्धी सुटून दुमडले. अक्षरं आत गेली. मागून गेनबा नावाच्या चालकाचा पाण्याचा टँकर आला. ते हॉर्नवर हॉर्न वाजवत होते. पोरगी बाजूला होईल, असं त्यांना वाटत होतं. मी ओरडू कशी? मला तोंड कुठे आहे? तेवढ्यात स्कूटर खड्ड्यात आदळून थांबली, मी क्षणभर उलगडले, गेनबांनी अक्षरं वाचली आणि करकचून ब्रेक लावला. टँकर माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

"आरं देवा! हिला ऐकूच येत न्हाय," असं म्हणत गेनबा खाली उतरले. टँकरची सावली अंगावर पडली तेव्हा कुठे पूर्णिमाने मागे पाहिलं.

घरी येऊन तिने मला गाडीवरून काढून काकांच्या हातात दिलं आणि खुणांनी सगळं सांगितलं. काकांनी लगेच स्पिरिटचा बोळा घेतला आणि स्कूटरची मागची बाजू पार निस्तेज होईपर्यंत पुसली.

माझ्या गोंदात धूळ भरली होती, म्हणून आता तिथे नवी पट्टी आहे आणि मी घरात. पूर्णिमा निघाली की मला अजून धडकी भरते.

मित्रांनो, अक्षरं लावण्याआधी गाडी नीट पुसा. आणि मोठे होऊन गाडी चालवाल तेव्हा हॉर्न वाजवूनही कुणी हललं नाही, तर चिडू नका, आधी ब्रेक लावा. त्या गाडीवरची पट्टी कदाचित आजच गळून पडली असेल.