दोन तांबेरे आणि मी रडूबाई

मी गव्हाची एक जुनी जात आहे. सांगताना मान खाली जाते मित्रांनो, पण आजारी पडणं हेच आता माझं काम आहे.

एके काळी शेतात माझा रुबाब होता. टपोरा दाणा, पांढरंशुभ्र पीठ. मग तांबेरा आला. ही बुरशी पानांवर गंजासारखे फोड आणते आणि त्यांतली पूड वाऱ्यावर उडून रोग पसरवते. माझ्यातून चालत गेलेल्या माणसाचे कपडे नारिंगी व्हायचे. पुढे काटक जाती आल्या आणि मला कुणी विचारेना. उरले ती संशोधन केंद्राच्या काचघरात. कुठलाही तांबेरा मला होतोच, म्हणून तिथे मला कुंड्यांत लावतात. सगळे मला रडूबाई म्हणतात. शेजारच्या कुंडीत नवी जात हिरवीगार डोलते, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं.

यंदा दोन गावांहून तांबेऱ्याची पानं आली. मोठे साहेब म्हणाले, "दोन्ही एकाच माळेचे मणी. त्याच जातींवर येतात. शेतकऱ्यांना सांगा, नेहमीसारखी नजर ठेवा, पुरे."

काचघर सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या, "येतात त्याच जातींवर साहेब, पण किती जोरात येतात ते कुठे पाहिलंय? रडूबाईवर टाकून बघू."

"ती काय, नुसत्या शिंकेनंही आडवी होईल!" साहेब हसले. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

ताईंनी दोन वेगळ्या कप्प्यांत मला ठेवलं आणि एकेकात एकेका गावचा तांबेरा टाकला. पाणी सारखं, उजेड सारखा. पहिला तांबेरा रमतगमत आला. दुसरा मात्र हात धुऊन मागे लागला. पहिल्याचे ठिपके जेमतेम दिसत होते, तोवर दुसऱ्याची पूड कुंडीतल्या मातीवर सांडू लागली होती.

साहेबांनी दोन्ही कुंड्या पाहिल्या आणि त्यांचं हसू मावळलं. "माझं ऐकलं असतंत तर पिकं गेली असती," ते हळूच म्हणाले. त्याच दुपारी गावोगाव निरोप गेला: पहिला ठिपका दिसताच कळवा.

पूड बाहेर जाऊ नये म्हणून माझी रोपं जाळली. बरणीतल्या बियांतून मी पुन्हा उगवले. तेव्हाच एक शेतकरी पिशवीत पान घेऊन आला.

"निरोप मिळाला होता ताई, पण लपवलं. लोक म्हणतील, याच्याच शेतात कसा आला? लाज वाटली."

"आणि शेजारचं शेत?"

त्यानं पिशवीतून आणखी एक नारिंगी पान काढलं. "हे तिथलं."

मित्रांनो, लाज मलाही वाटते, रोज वाटते. पण मला माझी पानं झाकता येत नाहीत. तुम्हाला येतात. कृपा करा, झाकू नका.