फोटोत दिसलेला पत्ता

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही सरळ रद्दीत टाकाल. मी एका वकीलबाईंच्या ऑफिसातली तपकिरी पुठ्ठ्याची फाईल आहे. माझी नाडी विटली आहे, कोपरे दुमडले आहेत. पण एके काळी मी कोरी करकरीत होते.

माझ्यात पहिला कागद लागला तो कपडे शिवणाऱ्या एका ताईंचा. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून त्या लेकीला घेऊन घराबाहेर पडल्या होत्या. नव्या खोलीचा पत्ता सांगताना त्यांचा आवाज अगदी खाली गेला.

"बाई, हा त्यांना कळला तर माझी धडगत नाही."

"या फाईलीबाहेर जाणार नाही," बाई म्हणाल्या. मला केवढा अभिमान वाटला!

बाईंच्या हाताखाली एक नवी वकील मुलगी होती. सगळे तिला धाकटी म्हणत. दोन वर्षं तिनेच मला छातीशी धरून कोर्टात नेलं. अखेर लेकीचा ताबा ताईंना मिळाला. धाकटीला आभाळ ठेंगणं झालं. ऑफिसात येताच तिने मला टेबलावर उघडून ठेवलं, शेजारी काळा कोट मांडला, फोटो काढला आणि सोशल मीडियावर टाकला. वर लिहिलं, 'माझा पहिला विजय!' तासाभरात कौतुकाचा पाऊस पडला. खोटं कशाला सांगू, मीही सुखावले.

दुपारी ताईंच्या बहिणीचा फोन आला.

"अहो, तो फोटो जरा मोठा करून बघा. पत्ता वाचता येतोय!"

धाकटी पांढरीफटक पडली. तिने फोटो काढून टाकला. पण तोवर तो कितीजणांनी पुढे पाठवला होता, कोण जाणे. तिला गप्प बसता आलं असतं. ती मात्र मला उचलून थेट बाईंपुढे उभी राहिली.

"बाई, माझ्या हातून फार मोठी चूक झाली."

बाईंचा चेहरा लाल झाला. तरी त्या उठल्या आणि चपला शोधू लागल्या. "चल, आधी ताईंकडे. तुला रागवायला मला आयुष्य पडलंय."

संध्याकाळच्या आत पोलिसांकडे संरक्षणाचा अर्ज गेला. शिलाई मशीन, दोन पेट्या आणि लेक, सगळं बहिणीच्या घरी हललं. दोन दिवसांनी नवरा खरोखरच फोटोतल्या पत्त्यावर आला. दाराला कुलूप होतं आणि कोपऱ्यावर पोलीस उभा होता. तो आल्या पावली परतला.

धाकटीने ताईंची माफी मागितली, तेव्हा तिला रडू आवरेना.

"लपवलं असतंत तर मी वकील बदलला असता," ताई म्हणाल्या. "आणि मी तरी कुठे शहाणी? लेकीचा शाळेच्या गणवेशातला फोटो मीच टाकला होता. कालच काढून टाकला."

त्या दिवसापासून ऑफिसात नियम झाला: फाईल उघडायची तर मोबाईल खणात. पक्षकार पहिल्यांदा आला, की धाकटी त्यालाही समजावते, "केस चालू आहे तोवर काहीही टाकण्याआधी मला विचारा."

आता ताईंचं स्वतःचं दुकान आहे. मी कपाटात धूळ खाते. माझी तक्रार नाही. फक्त एवढंच मागते, मित्रांनो: आनंद जरूर वाटा, पण फोटो पाठवण्याआधी त्यात मागे काय दिसतंय ते एकदा नीट बघा. तुमच्या भरवशावर कुणीतरी निर्धास्त झोपलेलं असतं.