दोन खोल्या, पाच माणसं

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंय. तुमच्या कागदावर ‘अपघाताचे कारण’ असं छापलेलं आहे. त्याच्यापुढे तुम्ही ‘चालकाचा निष्काळजीपणा’ एवढे दोनच शब्द लिहिलेत, सही ठोकलीत आणि चहा मागवलात. मी तिथेच होते. तुमच्या ठाण्याच्या खिडकीबाहेर, दोर लावून ओढून आणलेली, नाक चेपलेली. मला कुणी काही विचारलं नाही. म्हणून आता न विचारता सांगते.

आणि मित्रांनो, तुम्हीही ऐका. साहेब ऐकतील याचा मला भरवसा नाही, म्हणून तुम्हाला साक्षीला बोलावलंय.

मी एक जुनी टुरिस्ट गाडी आहे. सात सीटची, पांढरी, पिवळ्या नंबरप्लेटची. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या दारांचा आवाज असा यायचा की लोक उगाच दोनदा दार लावून बघायचे. पहिली चार वर्षं सातपूरच्या एका कंपनीत साहेब लोकांची नेआण केली. मग माझ्या सीटा मळल्या, कंपनीने नवी गाडी घेतली आणि मला अब्बासने घेतलं.

अब्बास जुन्या नाशकात राहतो. वीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या. मी त्याची स्वतःची पहिली गाडी. घरी नेल्यावर त्याने मला आधी धुतलं, मग बायको जहिदा आणि मुलगी कौसर यांना बसवून गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीकाठी, एक चक्कर मारून आणली. जहिदाने आरशाला काळा दोरा बांधला आणि म्हणाली, “इस को नजर नको लगने.” कौसर हसून म्हणाली, “अम्मी, ही गाडी आहे, नवरी नाही!” त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू?

अब्बासने माझी एकच हौस केली. भद्रकालीतल्या एका कारागिराकडून ड्रायव्हरची सीट अशी करून घेतली की कळ दाबली की ती पार मागे पडायची. जो बसेल तो कौतुक करायचा. “अब्बासभाई, सीट आहे का पलंग?” मी फुगायचे. मला काय माहीत, ज्याच्यासाठी ते कौतुक होतं त्याच्याच अंगाशी ते एक दिवस येणार आहे!

सात वर्षं मी राबले. दिंडोरीचे द्राक्षव्यापारी वाहिले, नवरदेव वाहिले, बाळंतीण वाहिली, एकदा विंचूरहून ओला कांदासुद्धा, त्याचा वास महिनाभर गेला नाही. अब्बासच्या हातून माझ्यावर साधा ओरखडा आला नव्हता. हे तुमच्या कागदावर नाही, साहेब. त्याला जागाच ठेवलेली नाही.

आता दिवाळीच्या सुट्टीची गोष्ट.

दिंडोरीला रोहित राहतो, त्याचं द्राक्षाच्या औषधांचं दुकान आहे. बायको तेजल शाळेत शिकवते. मुलगी वेदिका दुसरीत. आणि रोहितची आई गोजराबाई, गुडघ्यांनी हैराण पण तोंडाने खणखणीत. या चौघांनी उदयपूरला जायचं ठरवलं. लांबचा पल्ला, एका दिवसात होत नाही, म्हणून जाताना एक रात्र आणि येताना एक रात्र बडोद्याजवळ मुक्काम. उदयपुरात दोन रात्री. ते ठरवायला अब्बासला रविवारी बोलावलं, आणि त्यांच्या दारात माझ्याच बॉनेटवर वही ठेवून बेत झाला. त्यामुळे मी प्रत्येक शब्द ऐकलाय.

तेजल म्हणजे काटेकोर बाई. अकरा हॉटेलांना तिने फोन केले असतील. गरम पाणी सकाळी किती वाजता येतं? लिफ्ट आहे का? सासूबाईंना कमोड लागतो, आहे का? जेवण शाकाहारी आहे ना, कांदा-लसूण चालेल. पार्किंग आतमध्ये आहे की रस्त्यावर? गाडीवर सावली आहे का? होय मित्रांनो, माझ्या सावलीचीसुद्धा चौकशी झाली.

मग तिने वहीत लिहिलं: एक खोली आम्ही दोघं, एक खोली आई आणि वेदिका. खाली लिहिलं: अब्बासभाई. आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

“हॅलो, आणि ड्रायव्हरची झोपायची सोय?” तिने फोनवर विचारलं. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने हसला की मला ऐकू आलं. “मॅडम, ड्रायवर तो गाडी में ही सोते हैं. सब सोते हैं.”

“बघ,” रोहित म्हणाला, “सगळीकडे तीच पद्धत आहे. आणि यांची सीट तर बघ एकदा. मी झोपेन त्याच्यावर!”

“मग झोप की,” गोजराबाई म्हणाल्या. “तू गाडीत झोप, त्याला खोलीत जाऊ दे. घोरत तरी कमी असेल तुझ्यापेक्षा.”

सगळे हसले. अब्बासही हसला. आणि हसता हसता म्हणाला, “भाभी, माझं टेन्शन नका घेऊ. आपली गाडी म्हणजे आपलं घर. सामान पण असतं ना आत, कुणीतरी पाहिजेच.”

तेजलने प्रश्नचिन्ह खोडलं.

तिथेच सगळं झालं, साहेब. तुम्ही अपघाताची जागा वणीच्या पुढे दाखवलीय, मीटर मोजून. ती जागा चुकीची आहे. अपघात दिंडोरीत झाला, भर सकाळी, माझ्या बॉनेटवर.

ही माणसं वाईट नव्हती. हे ऐकून ठेवा, कारण वाईट माणसांची गोष्ट सांगणं फार सोपं असतं. गोजराबाईंनी त्याच्यासाठी चिवडा-लाडूचा वेगळा डबा केला. तेजलने घरातली जाड चादर दिली. वाटेत जेवायला तो त्यांच्याच टेबलावर बसला. “अब्बासभाई घरातलेच आहेत आमच्या,” असं रोहित हॉटेलवाल्यांना सांगायचा. घरातल्या पाच माणसांसाठी दोन खोल्या घेतल्या होत्या आणि पाचवा बाहेर होता, एवढंच.

पहिली रात्र. हॉटेल झकास, कारंजं होतं, त्यात निळे दिवे. अब्बास सीट मागे पाडून आडवा झाला. काच उघडली तर डास, बंद केली तर घाम. लघवीला जायला निघाला तर वॉचमन म्हणाला, “लॉबीचं गेस्टसाठी आहे. ते मागे मोकळं आहे बघ.” मग लग्नाच्या वऱ्हाडाची बस आली. काचेवर टकटक. गाडी पुढे घ्या. तासाभराने पुन्हा टकटक. आता मागे घ्या. आणि माझी ती नावाजलेली सीट! मी सांगते तुम्हाला, ती पलंग नाही. कंबरेखाली एक फट आहे, त्यात माणसाचं माकडहाड बरोबर अडकतं. पाय सरळ होतच नाहीत, पुढे पेडल आहेत. लोकांनी तिच्यावर टेकून कौतुक केलं, रात्रभर कुणी निजून पाहिलं नव्हतं.

सकाळी तेजल खाली आली, ओले केस, हातात चहाचा कप त्याच्यासाठी. “अब्बासभाई, झोप झाली का?”

“एकदम मस्त, भाभी.”

मित्रांनो, हा या धंद्यातला रिवाज आहे. विचारायचं, आणि मस्त म्हणायचं. नाही म्हणणारा ड्रायव्हर पुढच्या वेळी बोलावला जात नाही. पॅसेंजर घाबरतात ना. म्हणून जागा राहिलेला माणूस सगळ्यात मोठ्याने ‘मस्त’ म्हणतो. अब्बासचं इथे चुकलं, मी त्याला पाठीशी घालणार नाही. पण तो खरं बोलला असता तर कुणी काय केलं असतं? खोली घेतली असती, की दुसरा ड्रायव्हर शोधला असता?

उदयपुरात गल्ल्या अरुंद. हॉटेल तळ्याकाठी आणि पार्किंग दीड किलोमीटर लांब, उघड्या मैदानात. दोन रात्री तिथे काढल्या. पहाटे थंडी अशी की अब्बास माझं इंजिन सुरू करून हात शेकायचा. सकाळी “झोप झाली का?” आणि “मस्त”. येताना पुन्हा तेच कारंज्याचं हॉटेल, पुन्हा तेच डास. चार रात्री झाल्या. मी प्रत्येक रात्र मोजलीय, कारण त्याचं डोकं माझ्या दाराला टेकलेलं असायचं.

शेवटच्या दिवशी रोहितला दुकान उघडायची घाई होती. पहाटेच निघालो. दुपारी सापुतारा चढलो, उतरलो. घाटात अब्बास टक्क जागा होता, एकेक वळण जपून घेतलं त्याने. वणी ओलांडली. आता रस्ता सरळ, घर जवळ, ऊन अंगावर, मागे सगळे पेंगलेले. मला त्याच्या हाताची पकड सैल झालेली कळली. मी थरथरले, खडखडले, जेवढं गाडीला करता येतं तेवढं केलं. त्याचे डोळे उघडले नाहीत.

मी रस्ता सोडला आणि एका द्राक्षबागेत घुसले.

बागेच्या तारांनी वाचवलं आम्हाला. मांडवाचे दोन लोखंडी अँगल मोडले, तिसऱ्याला तारांचं जाळं गुंडाळून मी थांबले. गोजराबाईंच्या खांद्याचं हाड मोडलं. वेदिकाच्या कपाळाला सहा टाके पडले.

बागेत हरसूलकडची मजूर माणसं छाटणी करत होती. त्यातली तानुबाई माझ्यापासून चार हातांवर होती. ती कात्री टाकून धावत आली. आधी पोरीला बाहेर काढलं, मग अब्बासकडे वळली. शिव्याच द्यायला आली होती. “मारलं असतंस ना रं आम्हाला! दारू पिला का?” मग वाकून त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं, वास घेतला, आणि तिचा आवाज उतरला. “हा पिलेला नाय. याचे डोळे बघा. लय दिसांचा जागा हाय हा माणूस.”

एका मिनिटात ओळखलं तिने, साहेब! ना तिच्याकडे यंत्र, ना रबरी शिक्का.

अब्बास काय म्हणाला? त्याने वाचवायचा प्रयत्नही केला नाही स्वतःला. जबाब देताना म्हणाला, “हो, डोळा लागला.” तुम्ही म्हणालात, “झालं तर मग.” आणि त्याचं लायसन ठेवून घेतलंत. आता बुधवारी सुनावणी आहे. ते कायमचं गेलं तर वीस अधिक सात वर्षं गाडी चालवलेला माणूस काय करील, ते त्यालाही माहीत नाही. सध्या तो घरी बसलाय. जहिदा माझ्यातून जाजम काढायला आली होती तेव्हा शेजारणीला सांगत होती, “आता पलंगावर पण झोपत नाहीत ते. डोळे मिटले की ती पोरगी दिसते म्हणतात.”

मागच्या सोमवारी तेजल इथे आली. रोहित तिच्यामागे भांडतच आला. “आपणच आपल्या अंगावर कशाला घेतेस? आईचा हात गळ्यात बांधलाय, पोरीला टाके, आणि तू त्याची बाजू घेणार?”

“बाजू नाही घेत. जे झालं ते सांगणार आहे.”

“मग असं सांग की तोच नको म्हणाला खोलीला!”

“तो नको म्हणाला,” तेजल म्हणाली, “आणि आपल्याला बरं वाटलं. तेही सांगणार.”

आत जाऊन तिने सांगितलं. “खोल्या मी घेतल्या होत्या. हा माणूस चार रात्री सीटवर बसून होता. रोज सकाळी मी त्याला विचारलं आणि रोज त्याचं खोटं मुकाट्याने घेतलं, कारण मला फिरायचं होतं.” तुम्ही पेन खाली ठेवलंत. “मॅडम, फॉर्ममध्ये काय आहे? वेग, दारू, ब्रेक, पाऊस. झोपला कुठे, असा रकाना नाही. उगाच वाढवू नका.”

मग तिने तुमच्या बाकावर बसून सगळं कोऱ्या कागदावर लिहिलं, सही केली, आणि पोच मागितली. तुम्ही पोच दिली नाही. नमुन्यात नाही म्हणालात. तिने कागद टेबलावर ठेवला आणि निघून गेली. तो कागद तुम्ही पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून चहाच्या कपाखाली ठेवलात. खिडकीतून दिसतं मला सगळं.

मित्रांनो, तुमच्या घरी सुट्टीचा बेत ठरत असेल तर वही ओढून घ्या आणि गाडीत बसणारी सगळी माणसं मोजा, चालवणाराही. तेवढ्या सगळ्यांची पाठ रात्री नीट टेकली तर तुम्ही घरी पोचता. मोठी माणसं म्हणतील, सगळीकडे अशीच पद्धत आहे. त्यांना म्हणा, मग आज एक रात्र तुम्ही झोपून बघा.

आणि साहेब, माझं काय व्हायचं ते होऊ द्या, भंगारात घाला. पण हॉटेलांना परवाने देणारे तुमच्याच रांगेतले, गाड्यांना परमिट देणारेही तुमच्याच रांगेतले. चारशे किलोमीटर गाडी चालवून आलेल्या माणसाने त्या चार रात्री नेमकं कुठे झोपायला हवं होतं? गावाचं नाव सांगा, इमारत सांगा, दार कोण उघडणार होतं ते सांगा. बुधवारी सही करण्याआधी, लेखी.