पंधरावा थर

मी एक जुना ओळंबा आहे. ओळंबा म्हणजे काय, हे विचारायला लाजू नका, मित्रांनो. मला स्वतःलाच चौकशा करायची इतकी खोड आहे की दुसऱ्याने केल्या तर आनंदच होतो. मी पितळेचा आहे, पोटाला गोल आणि खाली निमुळता. माझ्या डोक्यातून एक दोरी जाते आणि दोरीच्या वरच्या अंगाला माझ्या पोटाच्याच रुंदीचा एक लाकडी गट्टू असतो. गवंडी तो गट्टू भिंतीच्या माथ्याला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला अलगद टेकलो तर भिंत सरळ. मध्ये फट राहिली तर भिंतीचा माथा पुढे झुकलेला. ‘खाली मुंडी, पाताळ धुंडी’ असे लोक म्हणतात, पण ते मला लागू नाही. मुंडी खाली असते खरी, तरी जे असेल ते मी तोंडावर सांगतो.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला लेथ मशीनवर कातले. मी कुणाच्या हाती पडणार, ही मला जन्मल्यापासूनची उत्सुकता. पडलो तो मिस्त्रींच्या हाती. तेव्हा त्यांना मिसरूडही नीट फुटले नव्हते. पुढे तीस वर्षे आम्ही दोघांनी इतकी घरे उभी केली की मोजदाद सोडून दिली. मिस्त्रींचा हात सोन्याचा आणि जीभ तिखट. भिंत सूतभर चुकली तरी ते ती पाडायला लावत, मग ती बांधणारा साठीचा असो की सोळाचा. कौतुक मात्र मनातल्या मनात करत. ते कुणाला ऐकू यायचे नाही.

त्यांना दोन मुले. थोरली ताई, जी सिमेंट-वाळूचा माल कालवायची, विटाही रचायची आणि बापाला न घाबरता बोलायची. आणि धाकटा बारक्या. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून हे नाव पडले. पुढे तो एवढा वाढला की दारातून जाताना वाकावे लागे, पण नाव काही वाढले नाही. बारक्या माझ्याशी बोलायचा. मला खाली सोडताना म्हणायचा, “बघ रे, खरं सांग हं.” मी खरेच सांगत असे. विसाव्या वर्षी त्याच्या हाताला वडिलांची सफाई आली होती. मिस्त्री हे शेजाऱ्यांना सांगत, त्याला नाही.

तो तेविसाचा असताना आम्ही एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची खोली बांधत होतो. मिस्त्री दुसऱ्या कामावर होते, म्हणून सगळा भार बारक्यावर आणि ताईवर. काम झकास चालले होते. मग एके सकाळी मला काहीतरी विचित्र जाणवले. बारक्या मला सोडून बघत होता, पण त्याची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या शेजारी होती! माझ्या शेजारी तर काहीच नव्हते. मग हा बघतो काय? मी चक्रावून गेलो. त्याने एक डोळा चोळला, मान तिरकी केली आणि ताईला म्हणाला, “ताई, आज मला दोन ओळंबे दिसतायत. एक टेकलेला, एक लांब.”

ताई माल कालवत होती. ती हसून म्हणाली, “दोन बायका दिसल्या की सांग. लगेच लग्न लावून देऊ.”

तोही हसला. “झोप झाली नाही गं,” म्हणाला आणि पुढची वीट लावली. मी फट दाखवत होतो. तो टेकलेल्या ओळंब्यावर विश्वास ठेवत होता. तसा ओळंबा जगात नव्हताच.

भिंत तीस थरांची झाली आणि मिस्त्री बघायला आले. त्यांनी मला सोडले. माझ्यात आणि भिंतीत दोन बोटांची फट! एवढी चूक त्यांच्या कामात कधी झाली नव्हती. शिवणवाल्या बाईंच्या देखत ते ओरडले, “डोळे आहेत का बटणं? आंधळ्यानंसुद्धा बरी बांधली असती!”

बारक्या मान खाली घालून म्हणाला, “उद्या पाडतो, बाबा.”

दुसऱ्या दिवशी मला खिशात टाकून तो हातोडा घेऊन बांबूच्या परांचीकडे गेला, पण चढायच्या आधीच पाय दुमडून खाली बसला. पुन्हा उठला नाही. मी त्याच्या खिशातूनच दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, डोक्यात गाठ आहे. त्यांनी विचारले, “ह्याला दोन-दोन दिसायला कधीपासून लागलं?” मिस्त्री म्हणाले, “तसं काही नव्हतं.” ताई काहीच बोलली नाही. मी ओरडून सांगितले असते, पण मला तोंड नाही. सतरा दिवसांनी आमचा बारक्या गेला.

त्याच्या कपड्यांबरोबर मी पिशवीतून घरी आलो आणि पिशवीसकट खिळ्याला टांगला गेलो. पाच महिने मला कुणी हात लावला नाही. माझे पितळ काळे पडले. मिस्त्री कामाला जात नव्हते. मला त्या अंधारात एकच प्रश्न छळत होता. एवढा तयार हात, तो चुकला नेमका कुठे? त्या दिवशी मिस्त्रींनी मला फक्त माथ्यावरून सोडले होते. मधले कुणी तपासलेच नव्हते.

शेवटी बारक्याच्या आईने पिशवी खाली काढली. मिस्त्रींसमोर मला ठेवून ती म्हणाली, “ती भिंत अजून तशीच उभी आहे. त्या बाई सांगायला येत नाहीत, लाजतात. पण त्यांच्या डोक्यावर छप्पर नाही. उठा आता.”

मिस्त्री आणि ताई गेले. मिस्त्रींनी हातोडा उचलला, मग का कोण जाणे, खाली ठेवला. मला हातात घेऊन ते खालून एकेक थर तपासू लागले. मित्रांनो, मला तेव्हा किती आनंद झाला! माझाच प्रश्न त्यांच्या मनात होता. पाचवा थर. मी टेकलो. दहावा. टेकलो. चौदावा. टेकलो, अगदी अलगद. पंधरावा. केसभर फट. तिथून वर ती वाढतच गेली होती.

“पंधरावा थर कधी लागला?” त्यांनी विचारले.

शिवणवाल्या बाई दारात उभ्या होत्या. त्या आठवून म्हणाल्या, “मी चहा आणला होता त्या दिवशी. पोरानं कप फळीवर ठेवायचा तो बाजूलाच ठेवला, हवेत. फुटला. आम्ही सगळे पोट धरून हसलो. तोसुद्धा.” आणि बोलता बोलता त्यांनी तोंडाला पदर लावला.

मग ताईने सांगितले. दोन ओळंबे, दोन बायका, सगळे. “बाबा, त्यानं मला सांगितलं होतं. मी चेष्टा केली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही माझी जीभ रेटली नाही.”

मला वाटले, आता आभाळ कोसळणार. मिस्त्री विटांच्या ढिगावर बसले. त्यांनी मला हातात फिरवले. मग म्हणाले, “तुला सांगितलं तरी त्यानं. माझ्याकडे आलाच नाही. मी आंधळा म्हणालो त्याला, तरी त्यानं मला सांगितलं नाही.” आणि ते रडले. तीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिले. ताई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आधी कळले असते तर बारक्या वाचला असता का? मिस्त्रींनी डॉक्टरांना नंतर जाऊन विचारलेही. ते म्हणाले, सांगता येत नाही. हा एक प्रश्न माझ्याकडे अजून शिल्लक आहे.

भिंत तशी ठेवता येत नव्हती. छपराचा भार तिला पेलला नसता, आणि मिस्त्री खोटे काम ठेवणारे नव्हते. दोघांनी वरचे सोळा थर हातांनी उतरवले. एकेक वीट खरवडून, पुसून बाजूला रचली. बारक्याच्या चौदा थरांना त्यांनी धक्का लावला नाही. त्यावर त्याच विटांनी पुढची भिंत चढली. माझी दोरी ताईने धरली होती.

परवाचीच गोष्ट. एका जुन्या गवंड्याची भिंत चुकली. सगळे कानात बोटे घालायच्या तयारीत. मिस्त्री जवळ गेले आणि हळूच म्हणाले, “तुला नीट दिसतंय ना? डोकं दुखतं का? चक्कर?”

गवंडी गोंधळला. “नाही हो मिस्त्री. खोटं कशाला बोलू, आळस केला.”

“नुसता आळस?” मिस्त्रींचा चेहरा असा उजळला की जणू त्याने बक्षीस आणले होते. “मग काही हरकत नाही बाबा. जेवून घे, आणि पाड.”

मित्रांनो, मला चकचकीत ठेवा, अडगळीत टाकू नका, हे मी सांगणार होतो. ते राहू द्या. एखाद्याचा तयार हात अचानक चुकू लागला, तर ओरडण्याआधी आणि हसण्याआधी त्याच्याजवळ जा. भिंत किती कलली, ते मी सांगेन. का कलली, हे विचारायला तोंड लागते. ते माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे.